रेसची केबल: बदलणे, प्ले लावणे, आणि हँडल वळवलं की गाडी का बोंबलते

तेलकट_हात

जुन्या, कार्बोरेटरवाल्या गाड्यांच्या रेसच्या केबलवर (मूठ पिळली की कार्ब उघडते ती) प्रश्न सारखे निघतात आणि उत्तरं पाच धाग्यांत विखुरलेली राहतात. सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा. मी एक केबल आणि स्लाइडचा कार्ब (तारेने वर उचलला जाऊन हवेची वाट उघडणारा दट्ट्या असलेला कार्बोरेटर) असलेली गाडी घेतो, कारण काम त्यातच नीट कळतं. दोन केबलवाले, दोन कार्बवाले आणि टू-स्ट्रोकवाले यांनी खाली भर घालावी.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. केबलमध्ये तार एकटी काम करत नाही. तार जेवढ्या जोराने ओढली जाते तेवढ्याच जोराने बाहेरचं कव्हर दाबलं जातं. अर्नेस्ट बाउडन यांनी १८९६ मध्ये पेटंट घेतलेली हीच ती युक्ती, तत्त्व आजही तेच. व्यवहारात याचा अर्थ असा की कव्हरची वाट बदलली की तारेची चाल बदलते, तार तीच असली तरी. प्ले (तार ताणायला लागण्याआधी मूठ जेवढी मोकळी फिरते तो) बिघडला की हात आधी ॲडजस्टरकडे, म्हणजे ताण लावायच्या आट्यांकडे, जातो. तो आवरा, आणि कव्हर कुठे दबलंय, कुठे ताणलंय, कुठे आपल्या टोपणातून निसटलंय ते आधी बघा.

नवी केबल आणली की जुनीशेजारी टेबलावर सरळ ठेवा. नुसती कव्हरची लांबी जुळवून भागत नाही. दोन्हीकडचे ॲडजस्टर पूर्ण आत पिळा, तार एका बाजूला शेवटपर्यंत ओढा आणि दुसऱ्या बाजूला कव्हरच्या टोकापासून निपलपर्यंत (तारेच्या टोकाचा धातूचा गोळा) किती तार उघडी राहते ते मोजा. ही 'मोकळी तार' म्हणजे केबलचं खरं माप. ती ५ मिमी कमी असली तर स्लाइड खाली टेकणारच नाही, ५ मिमी जास्त असली तर ॲडजस्टर अर्ध्याहून जास्त बाहेर आला तरी प्ले निघणार नाही. जुनी केबल वापरून थोडी लांबलेली असते, त्यामुळे नवीची मोकळी तार दोनेक मिमी कमी भरली तर घाबरू नका. शिवाय निपलचा आकार (डमरू, गोळी की आडवा दंडगोल), ॲडजस्टरचे आटे आणि हँडलकडच्या वाकड्या नळीचा कोन, हे तिन्ही जुळायला हवेत. कोन चुकला की केबल ब्रेकच्या लिव्हरखाली दाबली जाते.

काढताना: पेट्रोलचा कॉक बंद, सीट आणि टाकी उतरवलेली. टाकी न काढता काम होतं असं म्हणणारे पुष्कळ, पण मग नवी केबल टाकी आणि चासीच्या मध्ये कुठे चेपली ते दिसत नाही. जुन्या केबलची वाट हँडलपासून कार्बपर्यंत मोबाइलवर टिपून ठेवा. कार्बची टोपी उघडण्याआधी भोवतालची माती ब्रशने आणि थोड्या पेट्रोलने धुऊन काढा. एक वाळूचा कण स्लाइडशेजारी पडला की पुढे 'नवी केबल घालूनही मूठ अडकते' असा प्रश्न इथेच येणार.

टोपी सुटली की टोपी, स्प्रिंग, स्लाइड आणि नीडल (स्लाइडमध्ये लटकणारी, पेट्रोलचं प्रमाण ठरवणारी सुई) एकत्र वर येतात. स्प्रिंग बोटांनी टोपीकडे दाबून धरा, तार स्लाइडमध्ये खाली ढकला आणि निपल खाचेच्या रुंद भोकाकडे सरकवा, सुटतं. नीडलची क्लिप कितव्या खाचेत आहे ते लिहून ठेवा. साधारण पाच खाचा असतात आणि एक खाच इकडची तिकडे झाली की मधल्या रेसला मिक्श्चर बदलतं, दोष मात्र बिचाऱ्या केबलवर जातो.

बसवताना उलट क्रम, पण तीन ठिकाणी चूक होते.

पहिली, स्लाइडची दिशा. स्लाइडच्या खालच्या कडेचा तिरका कापलेला भाग एअर फिल्टरच्या बाजूला आला पाहिजे, आणि स्लाइडच्या अंगावरची उभी खाच कार्बच्या आतल्या पिनवर. पिनवर खाच आली नाही तर स्लाइड अर्ध्यात अडते, आणि जोर करून टोपी आवळली तर गाडी चालू होताच पूर्ण रेस होते. दुसरी, काही कार्बमध्ये निपल आणि नीडल जागेवर धरून ठेवणारी छोटी पत्र्याची चकती असते. ती स्प्रिंगला चिकटून बाहेर येते आणि फरशीवर हरवते. ती नसेल तर नीडल वरखाली नाचते. तिसरी, टोपीचे आटे. बारीक असतात, तिरके बसतात. आधी उलट दिशेने फिरवा, 'टक' असं जाणवलं की मग सरळ पिळा.

टोपी बसली की मूठ अर्धी पिळून सोडा. स्लाइड खाली आदळल्याचा स्पष्ट 'टक्' आवाज आला पाहिजे. 'सुर्र... टक' असं ऐकू आलं तर काम झालेलं नाही.

आता प्ले. केबल पूर्ण ढिली असतानाच इंजिन गरम करून स्लोचा (मूठ सोडल्यावर इंजिन ज्या किमान वेगावर चालतं त्याचा) स्क्रू लावा. मग इंजिन बंद करून प्ले लावा. मुठीच्या आतल्या कडेवर, म्हणजे तिच्या गोल काठावर, खुणेसाठी टेप लावा आणि तार ताणायला लागेपर्यंत तो काठ किती फिरतो ते मोजा. बहुतेक जुन्या गाड्यांच्या पुस्तकांत २ ते ६ मिमीच्या मधलं माप दिलेलं असतं. आपल्या गाडीच्या पुस्तकात वेगळं असेल तर तेच प्रमाण. पुस्तक नसेल तर ३-४ मिमीवर ठेवा. लॉकनट आवळताना ॲडजस्टरही थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजायचंच.

पान्हा_दहा

धागा कामाचा आहे. दोन गोष्टी जोडतो.

जुनी केबल ओढून काढण्याआधी तिच्या कार्बकडच्या टोकाला मजबूत दोरा बांधा आणि केबल हँडलकडून ओढा. दोरा त्याच वाटेने येऊन बसतो. मग नवी केबल दोऱ्याला बांधून उलट ओढायची. हेडलाइटच्या मागे वायरिंगच्या गुंत्यातून वाट शोधत बसावं लागत नाही, आणि मूळ वाट जशीच्या तशी राहते.

दुसरं स्क्रूबद्दल. जपानी गाड्यांच्या स्विचच्या डब्यावरचे स्क्रू दिसायला साधे फुलीचे, पण त्यांची खाच जेआयएस (जपानी मानक) मापाची असते. साधा फुलीचा पेचकस त्यात पूर्ण खाली बसत नाही, जोर दिला की वर उसळतो आणि खाच खाऊन टाकतो. जेआयएसचा पेचकस मिळवा, नाहीतर पेचकसाच्या डोक्यावर हातोडीने एकच हलका ठोका देऊन मग फिरवा. ते स्क्रू लहान आणि डबा ॲल्युमिनियमचा. आवळताना मनगट वापरायचं, दंड नाही. आटे गेले की डबा हलतो, डबा हलला की प्ले हलतो.

कार्बवाला

आणि ती हँडलची परीक्षा, जिच्यावर शीर्षक आहे आणि जी मूळ पोस्टमध्ये राहूनच गेली!

गाडी न्यूट्रलमध्ये, स्टँडवर, स्लोवर चालू. हँडल डावीकडे शेवटपर्यंत, मग उजवीकडे शेवटपर्यंत, सावकाश. इंजिनचा आवाज जराही बदलता कामा नये. एका बाजूला वळवल्यावर रेस चढली, तर त्या बाजूला कव्हर ताणलं जातंय आणि तार आपोआप ओढली जातेय. ही गाडी यू-टर्न मारताना स्वतःहून पुढे झेपावते, तेही हँडल पूर्ण वळलेलं आणि पाय जमिनीजवळ असताना.

यावर प्ले वाढवणं हा उपाय नाही. तो दुखणं झाकतो. केबल हेडस्टॉकच्या (हँडल ज्यात फिरतं ती चासीची पुढची नळी) कोणत्या बाजूने जाते ते बघा, झिप टायने कुठे करकचून बांधलीय का ते बघा. टाय फक्त दिशा देण्यापुरता असतो, केबल त्यातून सरकली पाहिजे. आणि गाडीला उंच हँडल बसवलेलं असेल तर मूळ लांबीची केबल पुरणारच नाही, मग कितीही ॲडजस्टर फिरवा.

नवीन_भिडू

वरचं सगळं करून पाहिलं. मूठ सोडली की परत येते पण रेंगाळत, शेवटचा भाग तर हाताने ढकलावा लागतो. केबल नवी आहे. दोष केबलचाच असं धरून दुसरी आणू का?

तेलकट_हात

आणू नका. आधी दोष कोणत्या तुकड्यात आहे ते शोधा, तीन भाग वेगळे करून. क्रम महत्त्वाचा.

केबल कार्बकडून सोडवा. टाकी आणि टोपी जागेवर नसतानाच स्लाइड हातात घेऊन कार्बमध्ये वरून सोडा. स्प्रिंग नसताना ती स्वतःच्या वजनाने सुळकन खाली गेली पाहिजे. अडली तर स्लाइडवर काळपट चिकट थर आहे किंवा ओरखडा. कार्ब इंजिनला जोडणारे दोन नट वाजवीपेक्षा जास्त आवळले की कार्बचा फ्लॅंज वाकतो आणि त्याबरोबर स्लाइडची गोल विहीर किंचित अंडाकृती होते. जुन्या ॲमल कार्बचं हे प्रसिद्ध दुखणं आहे. नट थोडे सैल करून पुन्हा स्लाइड सोडून पाहा. सुटली तर कारण सापडलं.

स्लाइड ठीक असेल तर केबल मुठीकडूनही सोडा आणि नुसती तार हाताने मागेपुढे सरकवा. केबल सरळ धरून एकदा, आणि गाडीवर जाते तशी वळवून एकदा. सरळ असताना मऊ आणि वळवल्यावर खरखरीत म्हणजे वळण आवळ आहे.

केबलही ठीक असेल तर उरली मूठ. केबल नसताना मूठ हँडलच्या नळीवर एका बोटाने फिरली पाहिजे. तुम्ही म्हणता 'शेवटचा भाग ढकलावा लागतो', त्यावरून माझा संशय इथेच आहे.

पान्हा_दहा

सहमत. मुठीची कारणं ठरलेली. रबर ग्रिप आत फार ढकललेली असते आणि स्विचच्या डब्याला घासते. बाहेरच्या टोकाला बार-एंडचं वजन मुठीला टेकलेलं असतं. दोन्हीकडे १ ते २ मिमी फट हवी. ग्रिप चिकटवताना लावलेला गोंद प्लास्टिकच्या नळीच्या आत उतरलेला असतो. गाडी कधी पडली असेल तर हँडलच्या टोकाला चेपून कड वर आलेली असते. कानशीने ती कड घासा, नळी बारीक पॉलिश पेपरने पुसा.

मुठीच्या आत ग्रीस नको. अगदी पुसट फिल्म चालेल, त्याहून जास्त लावलं की धूळ धरून त्याची कणकेसारखी पेस्ट होते आणि दोन महिन्यांत परत हाच प्रश्न. आणि काही जुन्या मुठींच्या डब्याखाली छोटा स्क्रू असतो, तो मूठ मुद्दाम जड करण्यासाठी. लांबच्या रस्त्यावर हात सैल सोडता यावा म्हणून. तो कुणीतरी आवळून ठेवलेला असतो आणि पुढच्या माणसाला त्याचं अस्तित्वच माहीत नसतं.

नवीन_भिडू

ग्रिप डब्याला टेकलेली होती. दोन मिमी बाहेर घेतली, मूठ टक्कन परत येते. 🙏

आता पुढचा प्रश्न. नव्या केबलमध्ये तेल घालायचं की नाही? दोन मेकॅनिकांची दोन मतं.

झडप_आणि_टॅपेट

दोघेही बरोबर असतील, वेगवेगळ्या केबलबद्दल बोलत असतील.

जुन्या पद्धतीच्या केबलमध्ये स्टीलच्या वेटोळ्याच्या कव्हरमध्ये थेट स्टीलची तार असते. तिला तेल हवंच, पातळ मशीन ऑइल. नव्या केबलींमध्ये कव्हरच्या आत नायलॉन किंवा टेफ्लॉनचं अस्तर असतं. त्या कोरड्याच चालण्यासाठी बनवलेल्या असतात. त्यात दाट तेल किंवा ग्रीस भरलं तर थंडीत जड होतात आणि धूळ पकडतात. ओळखायचं कसं? कव्हरच्या टोकाच्या टोपणात नीट बघा, तारेभोवती पांढरं किंवा पारदर्शक प्लास्टिकचं कडं दिसलं तर अस्तर आहे.

डब्ल्यूडी-४० ला वंगण समजून केबलमध्ये मारू नका. साफ करायला उत्तम, पण त्याचा पातळ भाग उडून गेला की वंगण म्हणून फारसं काही उरत नाही, आणि आतलं आधीचं तेलही धुऊन निघालेलं असतं.

तेल घालायची जुनी रीत आजही सगळ्यात चांगली. केबल गाडीवरून काढा, निदान कार्बकडचं टोक सोडवा. वरच्या टोकाभोवती प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून नरसाळ्यासारखा गुंडाळा, चिकटपट्टीने घट्ट बांधा, आत चमचाभर तेल ओता आणि रात्रभर टांगून ठेवा. मध्येच तार चार वेळा वरखाली करा. खालून आधी काळंकुट्ट, गंजाचं पाणी पडावं तसं तेल येतं. स्वच्छ तेल यायला लागलं की पुरे. खालचं टोक सोडवायचं कारण हेच. ती काळी घाण थेट स्लाइडवर आणि जेटमध्ये उतरू नये.

कार्बवाला

अस्तराच्या केबलीत तेल अजिबात नको हे जरा कडक वाटतं. दोन थेंब पातळ सिलिकॉन तेलाने काही बिघडत नाही. पण वंगण जिथे खरंच हवं तिथे कुणी लावत नाही: मुठीतल्या निपलला.

निपल आपल्या खोबणीत फिरलं पाहिजे. मूठ पिळताना ड्रम फिरतो, तार सरळच राहायला बघते, म्हणून निपलने ड्रममध्ये थोडं वळायला हवं. ते गंजून अडकलं की दर वेळी तार निपलच्या मुळाशी वाकते आणि सरळ होते. पत्र्याचा तुकडा वाकवून वाकवून तोडतो तसंच. केबल हँडलकडे तुटते ती बहुतेक यामुळे. मसुराएवढं ग्रीस, निपलला. बस्स.

आणि निपलजवळ तारेचा एक धागा जरी तुटून वर आलेला दिसला तर केबल बदला. पक्कडीने तो धागा कापून वापरत राहू नका. उरलेलं टोक कव्हरच्या तोंडात शिरतं, आत गोळा होतं आणि मूठ उघडी असताना अडकते. केबल तुटली तर गाडी थांबते, केबल अडकली तर गाडी थांबत नाही.

चौकडी

दोन केबलींचं लिहितो. चार सिलिंडरच्या पुष्कळ जुन्या जपानी गाड्यांवर, आणि नंतरच्या पुष्कळ एक सिलिंडरच्या गाड्यांवरही. एक केबल उघडते, दुसरी बंद करते. बंद करण्याचं रोजचं काम कार्बची स्प्रिंगच करते. दुसरी केबल असते ती स्प्रिंग कमी पडली किंवा आत काही अडकलं तर हाताने मूठ बंद करता यावी म्हणून. होंडाच्या १९६९ च्या पहिल्या सीबी७५० वर चार कार्बना चार वेगळ्या तारा जात होत्या, एका केबलमधून फुटून. पुढच्याच मॉडेलला होंडाने चारही कार्ब एका दांड्याला जोडले आणि ओढ-ढकल अशी दोन केबलींची जोडी दिली. चार तारा सारख्या ताणात ठेवणं किती कटकटीचं असेल ते यावरून समजा.

लावायचा क्रम: दोन्ही ॲडजस्टर आत, दोन्ही केबली ढिल्या. आधी बंद करणारी केबल. मूठ बंद स्थितीत धरून तिचा ढिलेपणा जेमतेम जाईल इतकंच ताणा, सतारीसारखी नको. मग उघडणाऱ्या केबलीचा प्ले पुस्तकात दिला आहे तसा. मोठं ॲडजस्टमेंट कार्बकडे करा, बारीक हँडलकडे. हँडलकडचा ॲडजस्टर सुरुवातीला जवळजवळ पूर्ण आत असावा म्हणजे पुढे वापरायला जागा राहते. तो खूप बाहेर काढून चालवला तर चार आट्यांवर लटकतो, वाकतो, आणि एक दिवस मोडतो.

दोन्ही केबली ताणून ठेवण्याची चूक फार होते, 'प्ले शून्य म्हणजे रिस्पॉन्स झकास' म्हणून. मूठ जड होते, हँडल वळवलं की रेस चढते, आणि दोन्ही केबली लवकर झिजतात.

अदलाबदल करू नका हेही सांगायला हवं. दोन्हींची वाकडी नळी आणि मोकळी तार वेगळी असते. काढताना एकीला रंगीत टेप लावा.

जोडकार्ब

दोन सिलिंडर, दोन स्लाइडचे कार्ब, मध्ये एकातून दोन फुटणारी केबल, अशा गाड्यांना केबल बदलली की सिंक (दोन्ही कार्ब एकदम, सारखे उघडतील असं जुळवणं) केल्याशिवाय काम संपलं असं म्हणता येत नाही. नुसता प्ले लावून गाडी बाहेर काढली तर एक सिलिंडर ओढतो, दुसरा फरपटत जातो. लक्षणं: स्लोवर एका सायलेन्सरचा फटका जास्त, मूठ उघडतानाच्या पहिल्या क्षणी धक्का, आणि एक प्लग काळा एक पांढरट.

गेज नसतील तरी हे जमतं. इंजिन बंद. एअर फिल्टर काढा. सारख्या मापाचे दोन ड्रिल बिट घ्या, ४ किंवा ५ मिमीचे, आणि मागची गुळगुळीत बाजू दोन्ही स्लाइडखाली ठेवा. मूठ अगदी सावकाश पिळत जा. दोन्ही बिट एकाच क्षणी सैल होऊन खाली पडले पाहिजेत. एक आधी पडला तर त्या कार्बकडची तार जास्त ताणलेली आहे, तिकडचा ॲडजस्टर पाव फेरा आत. परत करून पाहा. स्लाइड किती उचलली गेली यापेक्षा दोन्ही एकदम उचलल्या का हे बघायचं.

मग मूठ पूर्ण पिळून दुसऱ्याला धरायला सांगा आणि मागून बॅटरी मारून बघा. दोन्ही स्लाइड विहिरीतून पूर्ण वर गेल्या पाहिजेत, खालची कड दिसता कामा नये. ही परीक्षा एका कार्बच्या गाडीलाही लागू आहे. 'नवी केबल घातल्यापासून टॉप स्पीड गेला' याचं उत्तर निम्म्या वेळी इथे सापडतं. कव्हर जरा आखूड किंवा मोकळी तार जरा जास्त, आणि स्लाइड पाऊणच उघडते.

धुराडी

टू-स्ट्रोकवाल्यांनो, ज्यांच्या गाडीत ऑइल पंप रेसच्या केबलने चालतो त्यांनी इथे थांबा.

मुठीतून एक केबल येते, मध्ये एका डबीत फुटते, एक तार कार्बला आणि एक पंपाला. मूठ जास्त उघडली की पंप जास्त तेल देतो. म्हणजे कार्बकडचा प्ले लावला की पंपाचं गणित बदललं. म्हणून क्रम ठरलेला: आधी स्लो, मग कार्बचा प्ले, आणि सगळ्यात शेवटी पंप. पंपाच्या पुलीवर खूण असते आणि पंपाच्या अंगावर दुसरी. काही गाड्यांत त्या मूठ बंद असताना जुळवायच्या असतात, काहींत मूठ पूर्ण उघडी असताना, काहींत मधल्या ठरावीक ठिकाणी. हे पुस्तकातूनच घ्या, अंदाज नको. खूण मागे राहिली तर तेल कमी पडतं आणि पिस्टन जाम होतो, तोही पूर्ण रेसवर. पुढे गेली तर नुसता धूर आणि काळा प्लग. चूक करायचीच असेल तर धुराकडे करावी.

ती फुटीची डबी उघडून बघण्यासारखी असते. आत प्लास्टिकचा सरकता ठोकळा असतो आणि त्याला तिन्ही तारा अडकवलेल्या. ठोकळ्याच्या बाजूने खाचा पडल्या की तो तिरका होऊन अडकतो. पावसाचं पाणीही तिथेच साठतं.

नवीन_भिडू

मूळ केबल मिळतच नसेल, तर निपलला डाख देऊन घरी बनवावी का? सुरक्षित आहे का?

झडप_आणि_टॅपेट

रेसच्या केबलीपुरतं, नीट केलं तर हो. ब्रेकच्या केबलीला घरचा डाख देऊ नये असं माझं मत आहे. क्लचला जमतो, पण ताण खूप जास्त असतो.

रेसला साधारण १.२ ते १.५ मिमीची, बारीक धाग्यांची लवचिक तार लागते. पितळी निपल घ्या, ज्याच्या एका तोंडाला खोलगट खळगा असतो. तार कापण्याआधी कापायच्या जागी थोडा डाख चढवा, म्हणजे धागे विस्कटत नाहीत. कव्हर कापायचं ते तार बाहेर काढून, पक्कडीने नव्हे तर कटिंग चकतीने, आणि टोक कानशीने सपाट करून आतली कड टोच्याने मोकळी करा. पक्कडीने कापलेल्या कव्हरचं तोंड आत दबतं आणि तारेला करवतीसारखं कापत राहतं.

आता महत्त्वाचं. तार निपलमधून खळग्याच्या बाजूने २-३ मिमी बाहेर काढा आणि टोकाचे धागे फुलासारखे पसरवा. ते फूल खळग्यात बसतं आणि भार डाखावर न येता त्या पसरलेल्या धाग्यांवर येतो. नुसती सरळ तार भोकात घालून डाख दिला तर ती कधीतरी सुळकन निघणारच. तेलाचा अंश पूर्ण काढा, फ्लक्स लावा, निपल आणि तार दोन्ही तापवा, आणि डाख स्वतः वितळून आत शिरू द्या. ६०/४० चा साधा डाख १९० अंशांच्या आत वितळतो, त्याहून फार तापवायची गरज नाही. गॅस वेल्डिंगचा पितळी डाख तर अजिबात नको, तेवढ्या उष्णतेने तारेचा ताव उतरतो आणि ती निपलच्या जरा पुढेच तुटते. डाख तारेवरून वर चढू देऊ नका, चढला तर तेवढी तार सळईसारखी ताठ होते. थंड झाल्यावर फ्लक्स गरम पाण्याने धुवा. ॲसिडचा फ्लक्स राहिला तर आठवडाभरात गंज. निपल व्हाइसमध्ये अडकवून दोन्ही हातांनी पूर्ण जोराने ओढा. तिथेच तुटली तर बरं.

स्टेनलेसची तार साध्या फ्लक्सने डाख धरत नाही, वेगळा तीव्र फ्लक्स लागतो. पहिल्या प्रयत्नासाठी साधी गॅल्व्हनाइज्ड तार घ्या.

पान्हा_दहा

रस्त्यात तुटली तर: दोन केबलींची गाडी असेल आणि उघडणारी तुटली असेल, तर टोकं जुळत असल्यास बंद करणारी केबल तिच्या जागी लावून घरापर्यंत येता येतं, स्प्रिंग बंद करायचं काम करते. एक केबल असेल तर स्लोचा स्क्रू आत पिळून रेस थोडी चढवा आणि क्लचवर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश या. स्क्रूने आवळायचं बिनडाखाचं निपल टूलबॅगेत ठेवा, चिमूटभर जागा लागते. लांबच्या प्रवासाला निघताना नवी केबल जुनीशेजारी त्याच वाटेने टाकून, दोन्ही टोकं टेपने बंद करून ठेवणारेही आहेत. आळशीपणा वाटतो, पण अंधारात टाकी काढावी लागत नाही.

नवीन_भिडू

शेवटचं. सगळं नीट आहे, हँडल वळवलं तर फरक नाही, मूठ टक्कन बंद होते. पण इंजिन तापल्यावर रेस सोडली की आवाज वरच राहतो, पाच-सहा सेकंदांनी खाली येतो. केबलच ना?

कार्बवाला

बहुधा नाही. खात्री अशी करा: आवाज वर असताना मूठ बंद दिशेला हाताने ढकला. लगेच खाली आला तर केबल किंवा मूठ. काहीच फरक पडला नाही तर स्लाइड बंदच आहे आणि हवा दुसरीकडून येतेय. कार्ब आणि इंजिनमधला रबरी जोड तापल्यावर मऊ होऊन चिरा उघडतो. वाकवून बघा, चिरा वळणाच्या आतल्या बाजूला असतात. क्लिप सैल असेल, ओ-रिंग चपटी झाली असेल. तेही ठीक असेल तर एअर स्क्रू आणि पायलट जेटकडे (स्लोचं हवा-पेट्रोल ठरवणारे भाग) जा, मिक्श्चर हलकं झालंय.

उलट परीक्षाही लक्षात ठेवा. स्लोचा स्क्रू बाहेर काढत गेलात आणि आवाज कमीच होत नसेल, तर स्लाइड स्क्रूवर टेकलेलीच नाही, केबल तिला धरून आहे. स्लो लावायच्या आधी केबल ढिली करायची ती याचसाठी.

तेलकट_हात

नवीन केबल घातल्यावर १००-२०० किमीनंतर प्ले परत मोजा. तार लांबते असं आपण म्हणतो, पण पहिल्या दिवसांत खरं तर कव्हरची टोकं आपापल्या टोपणांत घट्ट बसत असतात. एकदा लावला की मग बराच काळ हलत नाही.

आणि टाकी परत चढवल्यानंतर हँडलची परीक्षा पुन्हा एकदा करा. टाकी नसताना सगळं बरोबर असतं आणि टाकी बसताना तिचा पुढचा कान केबलवर बसतो. इंजिन चालू करताना गाडी न्यूट्रलमध्ये आणि अंगठा किल स्विचवर.

नवीन_भिडू

रबरी जोडच होता, खालच्या बाजूने नखभर चीर. टाकी उतरवलेलीच आहे, केबलचे झिप टायही सैल करून घेतो.